वरचे दहा मार्क

एक मेचं झेंडावंदन झालं, पोरांच्या हातावर बिस्किटं पडली आणि महांतेश सरांनी शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून पाचवीचा निकाल वाचला. आरोही बलभीम, सवलतीचे दहा गुण देऊन पास. कृष्णराज रणधीर, मराठी आणि गणितात कमी पडला, जूनमध्ये फेरपरीक्षा. बास, दैवशालाला पुढचं काही ऐकूच आलं नाही. आरोही तिची लेक आणि कृष्णराज तिच्या धाकट्या जावेचा, निकिताचा पोरगा. आपली पास, तिचा नापास. बारा वर्षं पोटात जळत होतं ते एका दमात थंड झालं.

आणि वर ते दहा मार्क! दैवशालाच्या घरी खव्याची भट्टी. चांगलं गिऱ्हाईक आलं की ती तराजूचा काटा जागेवर आल्यावरही चिमूटभर खवा वर घालायची. तो काही कुणाला दया म्हणून घालत नाहीत, मान म्हणून घालतात. सरांनी तेच केलं असणार. पोरगी आवडली, दिले वरचे दहा. कृष्णराजला का दिले नाहीत मग? दिले असते की, लायकीचा असता तर.

तिला कुणी सांगणार नव्हतं असं नव्हे. सांगायला ती थांबायला पाहिजे होती ना! ती पदर खोचून तडक घरी आली, ताज्या खव्याचे पेढे वळायला घेतले आणि संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक-एक ठेवत राहिली.

"आरोही पास झाली. सरांनी वरचे दहा मार्क दिले तिला. कुणालाबी देत न्हाईत म्हणं."

माणसं पेढा तोंडात टाकत होती, मान हलवत होती. एक-दोघं एकमेकांकडं बघून गालात हसली. दैवशालाला वाटलं, कौतुकानं हसली.

आता ही जळजळ बारा वर्षांची कशी, ते सांगायला पाहिजे. ईट गावापासून तासभर चालत जावं एवढ्या लांब ही वस्ती. कमलबाईंना दोन लेक, थोरला बलभीम आणि धाकटा रणधीर. दैवशाला थोरली सून. आली तेव्हापासून शेण, धार, भट्टी, कढई, सगळं तिच्या अंगावर. सकाळी पाचला सरपण पेटवायचं आणि लांब दांड्याचं उलथणं घेऊन दूध आटेपर्यंत हलवत बसायचं, तर कुठं खवा पडतो. एवढं करून सासूनं कधी तोंडभरून चांगलं म्हटलं नाही. मग निकिता आली. बारावी झालेली, बारीक आवाजाची, गव्हाळ रंगाची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी कमलबाईंनी तिच्याकडून गोळ्यांचं पाकीट वाचून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "आमची धाकटी शिकल्याली हाय." दैवशाला सातवीत शाळा सोडलेली. चुलीपाशी बसून तिनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून निकिताचं काही म्हणजे काही तिला सहन होईना. निकितानं केसाला चाप लावला तरी हिच्या अंगाचा तिळपापड.

मधली पाच-सहा वर्षं निकिता नवऱ्यासोबत चाकणला होती. रणधीर तिथं गाडी चालवायचा. खोल्या बदलल्या, तशा पोराच्या शाळा बदलल्या. एका शाळेत महिना, दुसरीत दोन महिने, मधे काही दिवस घरीच. गेल्या दिवाळीत निकिता पोराला घेऊन वस्तीवर परत आली. रणधीर तिकडंच राहिला. भट्टीच्या भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत तिचा संसार लागला आणि दैवशालाची विझत आलेली चूल पुन्हा पेटली.

म्हणून निकालाच्या दिवशी पहिलं ताट तिनं निकिताकडं नेलं. सगळ्यात मोठा पेढा मधे ठेवला होता.

"घे. तोंड गोड कर. व्हतंय पोरांचं मागं-पुढं, मनाला लावून घिऊ नगंस," ती म्हणाली आणि अशी हसली, की चार दात जास्त दिसले.

निकितानं पेढा घेतला. डोळ्याला लावला आणि खाल्ला. "अक्का," ती जरा थांबून म्हणाली, "सर म्हणालेत, मे महिनाभर रोज सकाळी शिकवणार हाईत. माझ्या कृष्णाबरोबर आरोहीलाबी पाठवा की. दोघं मिळून जातील."

"नापासाच्या सोबतीला पास झाल्याली पोरगी कशाला?" दैवशाला म्हणाली. "तिला आता ईटला हायस्कुलात जायचंय. नवी सायकल घ्यायचीय. तू तुझ्या लेकाचं बघ."

निकितानं ताटातले उरलेले पेढे डब्यात काढून घेतले. दैवशाला रिकामं ताट घेऊन परत आली आणि त्या रात्री तिला इतकी गाढ झोप लागली, की पहाटेचं सरपण बलभीमला पेटवावं लागलं.

हे सुख किती दिवस टिकावं? आठ दिवससुद्धा नाही.

पूर्वी कसं होतं, आठवीपर्यंत कुणाला नापासच करायचं नाही. पोरगं शाळेत आलं काय, न आलं काय, वर्ष संपलं की पुढं ढकललं. आता पाचवीला आणि आठवीला परीक्षा आली. कमी पडलं तर सुट्टीत शिकवायचं, परत परीक्षा घ्यायची आणि त्यातही पडलं तर त्याच वर्गात ठेवायचं. बऱ्याच ठिकाणी सुट्टीतलं शिकवणं कागदावरच उरकतं. पण हे महांतेश सर उमरग्याकडचे, हट्टी माणूस. ईटला खोली करून राहायचे. सुट्टी बुडाली म्हणून रोज कुरकुरायचे आणि रोज आठला मोटारसायकलवरून हजर व्हायचे. वर्गात तीनच पोरं, कृष्णराज आणि धनगरवाड्यावरची दोघं. वर्षभर तीस पोरांत ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांना आता एक अख्खा मास्तर. फळा त्यांचा, खडू त्यांचा, सर त्यांचे. अक्षरावर बोट ठेवून सर शेजारी बसायचे आणि पोरगं अडलं की पुढं पळायचे नाहीत. निकिता रोज पोराला घेऊन जायची आणि व्हरांड्याच्या कडेला बसून राहायची.

हळूहळू भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. आधी एकेक अक्षर, मग शब्द. मग एका सकाळी दैवशाला कढईपाशी बसलेली असताना पलीकडं कृष्णराजनं अख्खं वाक्य वाचलं. अडखळत, मधे थांबत, पण वाचलं. "कोल्हा... विहिरीत... पडला." निकिता खुदकन हसली. पोरगंही हसलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दैवशालाचा हात थांबला. तिनं कान भिंतीला लावला आणि इकडं दूध तळाला लागलं. धुराचा वास आला तेव्हा उशीर झाला होता. दहा लिटर दुधाचा खवा करपला.

"ध्यान कुठंय तुझं?" बलभीम म्हणाला.

"माझं ध्यान नगा काढू. भिंतीपलीकडनं कालवा चाललाय सकाळधरनं," ती म्हणाली आणि करपलेला खवा म्हशीच्या टोपल्यात ओतला.

कमलबाईंना तर नवा खेळच मिळाला. वाण्याकडून साखर आली की पुडीचा कागद सरळ करायचा, नातवाला हाक मारायची आणि "किस्ना, काय लिहिलंय बघ रं," म्हणायचं. पोरगं बोट फिरवत वाचायचं. मग दूध घालायला आलेल्या बायकांना कौतुक ऐकवायचं, "बघा, नापास झाल्यालं पोरगं पेपर वाचायलंय." बायका म्हणायच्या, "लई भारी!" पेढे खाल्लेल्याच बायका ह्या! दैवशालाच्या पेढ्याची चव त्यांच्या जिभेवरून उतरली नव्हती आणि कौतुक मात्र भिंतीपलीकडच्याचं. पास कोण झालं? दहा मार्क वरचे कुणाला मिळाले? तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की एका संध्याकाळी तिला राहवलं नाही.

भट्टीपुढं दुधाची माणसं होती. कमलबाई औषधाची बाटली घेऊन आल्या. वासराला हगवण लागली होती. "किस्ना कुठंय? किती पाजायचं ते वाचून घ्यायचंय."

"किस्ना कशाला?" दैवशाला म्हणाली. "घरात पास झाल्याली नात हाय की. आरोही! ये हिकडं. वाच बरं आज्जीला."

आरोही आली. बाटली हातात घेतली. पोरीचं पाठांतर मोठं तल्लख. दुसरीपासूनच्या सगळ्या कविता तोंडपाठ, हावभावासकट म्हणायची. पंधरा ऑगस्टला भाषण तिचंच असायचं. तिनं बाटलीकडं बघितलं, मग आज्जीकडं, मग आईकडं. तोंडावर हसू तसंच ठेवून ती म्हणाली, "वासराला... रोज... सकाळ-संध्याकाळ... अर्धी बाटली पाजावी."

"अर्धी बाटली?" कमलबाई म्हणाल्या. "येवडूशा वासराला?"

आरोहीची मान खाली गेली. तेवढ्यात दूध घेऊन आलेली निकिता पुढं झाली, तिनं बाटली हळूच काढून घेतली.

"लई बारीक अक्षरं हाईत ओ आत्या, मलाबी दिसंनात. आत बल्बाखाली बघून सांगते," ती म्हणाली. आत गेली, बाहेर आली. "दोन चमचे म्हणलंय. आरोहीला उजेड कमी पडला."

उजेड कमी! मे महिन्याच्या संध्याकाळी, सूर्य अजून बाभळीच्या वर असताना! निकिता धडधडीत खोटं बोलली आणि सगळ्यांनी खरं मानल्यासारखं केलं. दैवशालाच्या अंगात आग शिरली. पोरीची चूक झाली म्हणून नाही. निकितानं झाकली म्हणून. तिच्या पोरीवर निकिताचा पदर पडला म्हणून.

माणसं गेल्यावर तिनं आरोहीला आत घेतलं, पाचवीचं पुस्तक काढलं आणि मधलंच एक पान उघडलं. पोरीनं चित्र बघितलं आणि घडाघडा म्हणायला लागली. दैवशालानं चित्रावर तळहात ठेवला. पोरगी थांबली.

"वाच."

"मम्मी, हात काढ."

"हात काढला की पाठ म्हणशील. हितनं वाच."

आरोहीनं बोट ठेवलं. एक अक्षर आलं, दुसरं आलं, तिसरं जोडाक्षर होतं. तिथंच गाडी रुतली. बराच वेळ ती त्या अक्षराकडं बघत राहिली आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी पुस्तकावर पडलं.

"मग पास कशी झालीस गं?"

"तोंडीला पाठ व्हतं. लेखीला पुढच्या बाकावरच्या पोरीचं बघून जुळवलं." पोरगी हुंदक्यातून म्हणाली. "सरांला ठाव हाय. काकूलाबी ठाव हाय. काकू म्हणली व्हती, शाळेत ये. तूच पाठवलं न्हाईस."

मारायला उचललेला दैवशालाचा हात मधेच राहिला. काकूला ठाव हाय! म्हणजे त्या भिंतीपलीकडच्या बाईला आपल्या पोरीचं आपल्याआधी माहीत. दैवशाला रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी भट्टी नवऱ्यावर टाकून, डब्यात किलोभर खवा घेऊन शाळेकडं निघाली. निकिता यायच्या आत पोचायचं होतं.

महांतेश सर व्हरांडा झाडत होते.

"सर, माझ्या लेकीला नापास करा," दैवशाला म्हणाली.

सरांचा झाडू थांबला. वीस वर्षांच्या नोकरीत पास करा म्हणून लोक आले होते, पाया पडले होते, एकानं दमही दिला होता. हे नवीन होतं.

"काय झालं बाई?"

"तिला वाचाय येत न्हाय. त्या पोरावाणी तिलाबी नापास करा आन् महिनाभर शिकवा. त्याला एकट्यालाच का? नापास झालेल्याला मास्तर आन् पास झालेल्याला काय? सायकल?"

सरांनी झाडू भिंतीला लावला. "तसं करता येत नाही. पास झालेल्याला नापास करायचा नियमच नाही. निकाल वर गेलाय."

"मग वरचे दहा मार्क दिले कशाला? काढून घ्या ते."

आणि मग सरांनी तिला शांतपणानं सांगितलं. वरचे दहा हे बक्षीस नव्हतं. आरोही दोन विषयांत मिळून दहा गुणांनी पडत होती. काठावरच्या पोराला तेवढा धक्का द्यायची नियमात सोय आहे. तो दिला. कृष्णराज जास्त गुणांनी पडला, त्याला दहाचा धक्का पुरत नव्हता. तो खाली राहिला, म्हणून त्याला शिकवणं आलं. आरोही वर गेली, म्हणून तिच्यासाठी काहीच आलं नाही.

"तुमच्या पोरीत आणि त्याच्यात फार फरक नव्हता बाई," सर म्हणाले. "तो पडला म्हणून सापडला. ही पास होऊन हरवली. माझीबी चूक आहे त्यात. निकालाच्या दिवशी तुम्हाला थांबवून सांगायला पाहिजे होतं. तुम्ही फार खुशीत निघालात."

दैवशाला पायरीवर बसली. एकेक पेढा तिच्या डोळ्यांपुढं यायला लागला. सरांनी वरचे दहा मार्क दिले, वरचे दहा मार्क दिले. अख्ख्या वस्तीला तिनं स्वतःच्या तोंडानं सांगत सुटावं, की माझी पोरगी ढकलून पास केली! आणि वर तोंड गोड करावं! लोक गालात का हसले ते आता कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं.

"सर, हा खवा घ्या," ती डबा पुढं सारत म्हणाली. "सांजच्याला घरी येऊन शिकवा तिला. गुपचूप. कुणाला सांगायचं न्हाय."

"मी घरी शिकवण्या घेत नाही. खवाबी नको, मला साखरेचा आजार आहे. इथं आठला पाठवा. नियम नापासांचा असला तरी व्हरांडा सगळ्यांचा आहे." सर जरा थांबले. "मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं की. तुमच्या जाऊबाई आल्या होत्या विचारायला, आरोहीला आणलं तर चालेल का म्हणून."

लांबून निकिता आणि कृष्णराज येताना दिसले तशी दैवशाला उठली आणि मागच्या बाजूनं, बांधाबांधानं घरी गेली. डबा तसाच परत.

दुपारी कढई उतरवल्यावर ती भिंतीला वळसा घालून निकिताच्या दारात जाऊन उभी राहिली. निकिता तांदूळ निवडत होती.

"तुला ठावं व्हतं," दैवशाला म्हणाली. "त्या दहा मार्कांचं."

निकितानं सूप खाली ठेवलं. "व्हय, अक्का."

"म्या गावभर नाचत व्हते. तुझ्या दारात ताट घिऊन आले. आन् तू तो पेढा डोळ्याला लावून खाल्लास. एका शब्दानं बोलली न्हाईस. मनातल्या मनात हसत असशील."

"हसले न्हाय."

"हसायचं तरी व्हतं! सांगायचं तरी व्हतं तोंडावर, की अक्का, तुमची पोरगी ढकलून पास झाली. म्या केलं असतं तसं. तुझ्या जागी म्या असते तर सोडलंच नसतं." आवाज फाटला तिचा. "इतकी चांगली कशाला वागतीस गं तू? माझा जीव जळतो."

निकिता उठून उभी राहिली. तिलाही राग येत होता. तो पहिल्यांदाच दिसला. "कसं सांगणार? बारा वर्षं झाली मला ह्या घरात येऊन. तुम्ही कधी आपणहून माझ्या हातावर काय ठेवलं न्हाय. कधी माझ्याकडं बघून हसला न्हाय. त्या दिवशी हसलात. कशामुळं हसलात ते कळत व्हतं मला, माझं पोरगं पडलं म्हणून हसलात. तरी बरं वाटलं. मग काय सांगू?"

भांडण करायला आलेल्या माणसाच्या हातातून काठीच काढून घ्यावी तसं दैवशालाचं झालं. ती तशीच परतली आणि रात्री भाकरी न खाता पडून राहिली.

तिच्या मनात काय चाललं होतं, ते झाकायचं कशाला? जीव आरोहीत अडकला होता. पंधरा जूनला ईटचं हायस्कूल सुरू होणार. तिथं एकेका वर्गात साठ-सत्तर पोरं. चित्र बघून पाठ म्हणणारी पोरगी तिथं दोन दिवसांत उघडी पडणार आणि मग शाळाच नको म्हणून घरी बसणार. कढईपाशी, उलथणं घेऊन. दैवशालाला स्वतःची सातवी आठवली. हातात तीन आठवडे. आणि आड काय येत होतं? गावाच्या मधल्या रस्त्यानं, सगळ्यांच्या दारावरून, पास झालेली पोरगी नापासांच्या व्हरांड्यात न्यायची. जिला पाण्यात पाहिलं तिच्या शेजारी जाऊन बसायचं. पेढे खाल्लेली तोंडं बघत राहणार. तिला वाटलं, त्यापेक्षा कृष्णराज परत नापास होवो, म्हणजे बरोबरी होईल. हे मनात आलं आणि ती स्वतःच दचकली. त्या पोरानं कधी तिला "मोठी आई" शिवाय हाक मारली नव्हती.

सकाळी तिनं आरोहीची वेणी घातली, पुस्तक हातात दिलं आणि मधल्याच रस्त्यानं निघाली. बांधावरून नाही.

शाळेच्या व्हरांड्यात त्या दिवशी नेमक्या कमलबाई नातवाचं वाचन ऐकायला येऊन बसलेल्या. धनगरवाड्यावरच्या पोरांच्या आयाही होत्या. दैवशाला लेकीला घेऊन पायऱ्या चढली तशी सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली.

"आगं, ही पास झाल्याली पोर हितं कशाला आणलीस?" कमलबाईंनी विचारलं. "वरचे दहा मार्क मिळाल्याली?"

निकितानं लगेच तोंड उघडलं. "आत्या, मीच म्हणलं व्हतं, कृष्णाला सोबत म्हणून..."

"थांब," दैवशाला तिला म्हणाली. "ह्या वेळी तू झाकू नगंस." तिनं पदर सारखा केला. "आत्या, हिला वाचाय येत न्हाय. ते दहा मार्क ढकलायचे व्हते, मानाचे न्हाईत. म्या येड्यासारखे पेढे वाटले. सर, हिला बसवा."

कुणी हसलं नाही. कमलबाई काहीतरी म्हणणार होत्या, त्याऐवजी त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. कृष्णराजनं सतरंजीवर सरकून जागा केली. आरोही त्याच्या शेजारी बसली. दैवशालाला बसायला एकच जागा उरली होती, निकिताच्या बाजूला. ती बसली, पण मधे हातभर अंतर ठेवून.

सरांनी पहिलीच्या पुस्तकातला धडा काढला. पाचवी पास झालेल्या पोरीपुढं पहिलीचं पुस्तक! दैवशालानं ओठ घट्ट मिटले. आरोहीनं बोट ठेवलं. पहिला शब्द आला. दुसऱ्या शब्दाला अडली. कृष्णराजनं हळूच तिच्या कानात सांगायला तोंड पुढं केलं.

"सांगू नगंस रं," दैवशाला म्हणाली. "तिचं तिला वाचू दे."

आरोहीनं अक्षर लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. ओठ हलले. दैवशालाची नजर त्या बोटावरून हलेना. आणि मग पोरीच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला, पाठ केलेला नव्हे, चित्र बघून नव्हे, अक्षराला अक्षर जोडून आलेला. "डोंगर."

आरोहीचा चेहरा एकदम उजळला. ती गर्रकन मागं वळली, कुणाला तरी दाखवायला. आणि तिनं बघितलं ते काकूकडं. पहिल्यांदा काकूकडं. निकितानं मान डोलावली, हसली. मग पोरीची नजर आईकडं आली.

दैवशालाची जळजळ उठली. जुनीच, ओळखीची, पण आजवरच्या सगळ्यांत मोठी. मन म्हणालं, ऊठ, पोरीला उचल आणि चल घरी. तिनं सतरंजीचा काठ मुठीत धरला आणि जागची हलली नाही.

"माझ्याकडं काय बघतीस," ती लेकीला म्हणाली. "पुढचं वाच."

आरोहीनं वळून पुढच्या शब्दावर बोट ठेवलं.